पहिली केस

एप्रिलचा शेवटचा शनिवार जवळ आला की आठवडाभर आधीच माझी झोप उडते. तो जागतिक पशुवैद्यक दिन, आणि त्यालाच जोडून आमच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा वार्षिक मेळावा असतो. सव्वीस वर्षं मी पशुप्रजनन विभागात शिकवलं आणि त्यातली एकोणीस वर्षं या मेळाव्याची जबाबदारी माझ्याकडे होती. निवृत्त झाले, पण सभागृहात शिरल्याबरोबर खुर्च्या मोजायची सवय काही गेलेली नाही. कोणती बॅच आली, कोणती आली नाही, हे मला दारातूनच कळतं.

स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अहवालवाचन, पदकं, नव्या पदवीधरांची शपथ हे सगळं दरवर्षी होतं आणि नीट होतं. मी वाट बघत असते ती जेवणानंतरच्या सत्राची. कार्यक्रमपत्रिकेवर त्याला ‘अनुभवकथन’ म्हणतात, आमच्यात सगळे ‘पहिली केस’ म्हणतात. पदवी मिळून वर्ष झालेल्यांपैकी तिघांनी यायचं आणि शेजारी कुणी सर-मॅडम नसताना एकट्यानं हाताळलेली पहिली केस सांगायची. स्लाइड नाहीत, फोटो नाहीत, दहा मिनिटं आणि एक माइक.

एका वर्षीची मुलगी मला कायम आठवते. पहिल्या वर्षाला असताना शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरायचे म्हणून ती दाराजवळ उभी राहायची. माझ्याकडे आली तेव्हा तिची तक्रार निराळी होती. गाय तपासताना हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो, आणि तिची चण लहान. “माझा हात पुरत नाही मॅडम,” असं म्हणून ती एकदा खोड्याशेजारीच रडली होती.

आमच्या विभागात एक लाकडी पेटी आहे. तिला एका बाजूला गोल भोक आहे. आत मेलेलं वासरू हवं तसं वळवून ठेवायचं आणि विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला हात आत घालायला सांगायचं. पाय हाताला लागला तर तो पुढचा की मागचा? खुराच्या वरचे दोन सांधे एकाच दिशेला वळत असले तर पुढचा, एकमेकांच्या उलट वळत असले तर मागचा. मान कुठे आहे? जबडा लागतो का? डोळ्याची खोबण? त्या मुलीनं एका सत्रात त्या पेटीवर जितका वेळ घालवला, तितका माझ्या सबंध नोकरीत दुसऱ्या कुणी घातला नसेल. संध्याकाळी विभागाला कुलूप लावायला आलेले मामा तिच्यासाठी थांबायचे, हेही इथे सांगितलंच पाहिजे.

तिची पहिली केस अडलेल्या गायीची होती. रात्रीची वेळ, गोठ्यात एकच दिवा. दोन खुरं बाहेर दिसत होती आणि डोकं कुठेच लागत नव्हतं. मालकानं आणि शेजाऱ्यांनी आधीच ओढून पाहिलं होतं. तिनं सगळ्यांना थांबवलं, भरपूर वंगण लावलं आणि हात आत घातला. डोकं मागे वळून बरगड्यांशी टेकलं होतं. “मी डोळे मिटून घेतले,” ती माइकवर म्हणाली, “आणि मला आपली पेटी आठवली.” कळ ओसरली की वासरू मागे लोटायचं, कळ आली की नुसतं धरून थांबायचं. असं करत करत बोटं डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचली, मग जबड्याच्या कोपऱ्यात, आणि डोकं वळलं. मग पायांना दोऱ्या बांधून कळेबरोबर ओढलं. वासरू बाहेर आलं ते लुळंच. तिनं नाका-तोंडातला चिकटा काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, छाती चोळत राहिली. “ते शिंकलं,” एवढंच म्हणून ती थांबली. पुढचं तिला बोलता येईना, आणि मला समोरचं दिसेना.

पण या सत्राला आजचं रूप आलं ते तिच्यामुळे नाही. ते आलं त्याच्या काही वर्षं आधी, एका मुलाच्या केसमुळे.

तो हुशार होता, त्याला औषधशास्त्राचं पदक होतं. व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी बसलेली गाय, मान कुशीकडे वळवलेली, कान गार. दुग्धज्वर, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घटणं, हे ओळखायला त्याला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. कॅल्शियमची बाटली शिरेतून द्यायची आणि सावकाश द्यायची. एक हात बाटलीवर, स्टेथोस्कोप हृदयावर, ठोका चुकला की धार बंद. हे आमच्या सरांनी प्रत्येक बॅचला शेकडो वेळा सांगितलं आहे. नीट दिलं की डोळ्यांसमोर चमत्कार होतो. अंग थरथरतं, ढेकर येते, शेण पडतं आणि तासाभरापूर्वी मरायला टेकलेली गाय उठून उभी राहते. भोवती माणसं जमली होती, सगळी “लवकर करा डॉक्टर” म्हणत होती. त्यानं धार मोठी सोडली. स्टेथोस्कोप गळ्यातच राहिला. सुई शिरेत असतानाच गायीनं मान टाकली.

“गाय रोगानं गेली नाही, माझ्या हातानं गेली,” तो म्हणाला. मालकाला त्यानं त्याच वेळी खरं सांगितलं होतं. आणि आता साडेतीनशे माणसांसमोर पुन्हा सांगत होता.

सभागृह गप्प झालं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतले आमचे शल्यचिकित्सेचे सर उठून उभे राहिले. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. सगळ्यांना वाटलं, काही बोलतील. ते बोलले नाहीत, त्या मुलाकडे बघत नुसते उभे राहिले. मग मागच्या रांगेतून एक उठला. मग फिरत्या दवाखान्यावर आयुष्य काढलेले दोघं. मग मी. कॉलेजातून बाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी एका करडाची शिंगं काढताना मी त्याचं वजन न करता, अंदाजानं भूल दिली होती. शेळीच्या पिल्लांना ती भूल किती बेतानं द्यावी लागते हे मला पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं. त्या दिवसापर्यंत हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाही, पण उभी राहिले. बसायच्या आधी मोजलं, एकेचाळीस जण उभे होते.

तेव्हापासून हीच रीत पडली. कुणी आपल्या हातून गेलेल्या जनावराची केस सांगितली की ज्यांच्या हातून असं झालं आहे ते उभे राहतात. कुणी कुणाला काही विचारत नाही. समोर पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं बसलेली असतात आणि माना वळवून बघतात, ज्यांना ती घाबरतात त्या सगळ्या मॅडम आणि सर उभे आहेत. आम्ही साडेपाच वर्षं त्यांना गायीचे बत्तीस दात, घोड्याला नसलेलं पित्ताशय आणि कुत्रीचे त्रेसष्ट दिवस शिकवतो. हे मात्र वर्गात शिकवायची सोय नाही.

म्हणूनच न येणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. साठ जणांची बॅच आणि येतात चौघं. काही जण सकाळी पदकांच्या वेळी फोटोपुरते येतात आणि जेवण झालं की गाड्या काढतात. शनिवारी दवाखान्यात गर्दी असते हे मला कळतं. कुत्र्या-मांजरांचा दवाखाना एकट्यानं चालवणं किती कठीण आहे, हेही कळतं. पण ज्यांनी चोविसाव्या वर्षी त्या माइकवर उभं राहून आमचा सगळ्यांचा श्वास रोखून धरला होता, त्यांनी दुसऱ्या एखाद्या चोविसाव्या वर्षाच्या मुलासाठी वर्षातली एक दुपार काढायला नको?

एका भाषणाचाही उल्लेख करते, कारण ते ऐकायला फारच थोडे होते. 2012 चा मेळावा. आमचे सूक्ष्मजीवशास्त्राचे सर बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगावर बोलले. याच रोगानं युरोपातली गुरं कळपाकळपानं मरत होती, तेव्हा 1761 मध्ये फ्रान्समध्ये लियाँला पशुवैद्यकाची शाळा काढायची परवानगी क्लोद बुर्जला यांना मिळाली. जगातली ही अशी पहिली शाळा. बुर्जला घोडेस्वारीची अकादमी चालवणारे. आणि 2011 मध्ये, बरोबर अडीचशे वर्षांनी, बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. माणसांतली देवी आणि जनावरांतली बुळकांडी, माणसानं आजवर मुळापासून संपवलेले रोग हे दोनच. “ज्या रोगापायी आपली पहिली शाळा उघडली, तो रोग आपण संपवला,” असं म्हणून सर थांबले. मग त्यांनी वॉल्टर प्लाउराइट यांचं नाव घेतलं. केनियात काम करून ज्यांनी बुळकांडीची भरवशाची लस तयार केली, ते पशुवैद्य 2010 च्या फेब्रुवारीत गेले. घोषणा ऐकायला सव्वा वर्ष कमी पडलं. मितभाषी सरांचा आवाज त्या वाक्याला कापरा झाला. त्या वेळी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

माझी स्वतःची ठेव म्हणजे अलीन कस्ट, ब्रिटनमधली पहिली स्त्री पशुवैद्य. प्रास्ताविकाची पाळी माझ्यावर आली की मी तिच्याविषयी सांगतेच. एडिंबरामध्ये तिचं शिक्षण 1900 मध्ये पुरं झालं, पण बाई म्हणून शेवटच्या परीक्षेला बसू दिलं नाही. ती आयर्लंडमध्ये जनावरं तपासत राहिली आणि 1922 मध्ये तिला पदविका मिळाली. माझ्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. आता समोर बघते तर निम्म्याहून जास्त मुली असतात, आणि त्यांना या बावीस वर्षांचा हिशेब माहीत असावा असं मला वाटतं.

माझ्या शेवटच्या मेळाव्यात आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या रात्री बसून मी चार पानं लिहून काढली होती, कारण एका वर्षी ड्यूटीवरच्या इंटर्नचे आभार राहून गेले होते आणि ती चूक मला अजून टोचते. मेळाव्याच्या दिवशीही आपला दवाखाना बंद नसतो. आम्ही टाळ्या वाजवत असतो तेव्हा ती पाच-सहा मुलं तिकडे उभी असतात.

मी माइककडे निघाले आणि त्यांच्यातलाच एक धावत आला. गायीच्या गर्भाशयाला पीळ पडला होता, लोळवायला माणसं हवी होती. गाय आडवी पाडायची, पाय बांधायचे, कुशीवर लांब फळी ठेवून तिच्यावर कुणीतरी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी दोर ओढून गाय पलटवायची. वासरू फळीखाली जागच्या जागी दाबलेलं राहतं, आई त्याच्याभोवती फिरते आणि पीळ सुटतो. सभागृहातली अर्धी माणसं चांगल्या कपड्यांनिशी दवाखान्याकडे धावली. फळीवर ती पेटीवाली मुलगी उभी राहिली. दोरांवर चार वेगवेगळ्या बॅचेस होत्या. तिसऱ्या लोळवणीनंतर मी हात घातला, वाट मोकळी झाली होती. रात्री कालवड झाली.

आभार राहून गेले. ती पानं तिथेच कुठेतरी भिजली, म्हणून आता आठवेल तसं लिहिते. हाडं उकळून, घासून सांगाडे जोडणारे मामा. शवविच्छेदनाच्या हॉलमधले दोघं भाऊ. गोठ्यातले आबा, ज्यांची हाक ऐकली की गायी आपणहून खोड्यात येतात. दवाखान्यातले ड्रेसर काका. परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवणाऱ्या ताई. फिरत्या दवाखान्याचे ड्रायव्हर, ज्यांनी दहा बॅचना दोर कसा टाकायचा ते शिकवलं. वसतिगृहाच्या मावशी. खुर्च्या मांडणारी दुसऱ्या वर्षाची मुलं. माइक सांभाळणारे कार्यालयातले भाऊसाहेब. आणि आपली फिस्टुलावाली, म्हणजे शिकवण्यासाठी कुशीला पोटापर्यंत भोक पाडून झाकण बसवलेली गाय. कुशीतल्या त्या झाकणातून किती मुलांनी तिच्या पोटात हात घालून रवंथाच्या कोठाराची हालचाल अनुभवली, याची मोजदाद नाही. ती बारा वर्षं आपली शिक्षिका होती.

आणखी एक जण राहिला. त्या संध्याकाळी सबंध वेळ गायीचं डोकं मांडीवर घेऊन पहिल्या वर्षाचा एक मुलगा जमिनीवर बसला होता. गाय पलटली की तोही तिच्याबरोबर सरकायचा. सगळं आटोपल्यावर मी त्याला शोधलं, तर तो वसतिगृहात निघून गेला होता, आणि नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तो शेवटच्या वर्षाला असेल. पदवीनंतर वर्षभरानं त्याची पाळी येईल, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसलेली असेन.