फोडांविना लाळ्या-खुरकूत
राळेगाव तालुक्यातल्या एका गोठ्यात रात्रीतून दोन वासरं दगावली होती. तिसरं उभं होतं, पण धापा टाकत. "साहेब, पान लागलं असन," मालक म्हणाले. म्हणजे साप चावला असेल. संशय रास्त होता, कारण वासरांच्या तोंडात किंवा खुरांत एकही फोड नव्हता. मात्र आठवडी बाजारातून नुकतीच आणलेली, कानात बिल्ला नसलेली गाय शेजारीच लाळेच्या तारा गाळत होती. जीभ ओढून पाहिली तर वरचं साल सुटत आलेलं.

शवविच्छेदनात हृदय पाहिलं आणि चित्र स्पष्ट झालं. लाल स्नायूवर करडे-पिवळे पट्टे, वाघाच्या अंगावर असतात तसे. हे लाळ्या-खुरकूतच होतं. लहान वासरात हा विषाणू फोड येण्याआधीच हृदयाच्या पेशी मारतो. आजारी गाईच्या दुधातही तो फोड दिसण्याआधीच उतरलेला असतो.

त्याच्या कवचावरचं व्हीपी१ प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन या प्रथिनाला चिकटतं. पेशी त्याला पिशवीत ओढून घेते, पिशवीतला सामू ६.५ च्या खाली गेला की कवच उकलतं आणि सुमारे ८,५०० अक्षरांचा आरएनए, म्हणजे विषाणूची जनुकीय संहिता, मोकळा होतो. त्यातून बनलेलं एल-प्रोटिएज हे प्रथिनं कापणारं विकर, पेशीत प्रथिननिर्मिती सुरू करायला लागणारं ईआयएफ४जी प्रथिन तोडतं. पेशीची स्वतःची प्रथिनं बनणं बंद पडतं, बचावाचं इंटरफेरॉनसुद्धा. विषाणूचं काम मात्र त्या तुटक्या प्रथिनावरही चालतं.

कवच आम्लात टिकत नाही, म्हणून नमुना जपावा लागतो. जिभेचं ताजं साल १ ग्रॅम, निम्मं ग्लिसरॉल, निम्मं फॉस्फेट बफर, सामू ७.२ ते ७.६, आणि बर्फ. मेलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठतं, त्यामुळे उशिरा घेतलेल्या मांसात विषाणू हाती लागेलच असं नाही. हृदयाचा तुकडा वेगळा, १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये.

गोठ्यात फिनाईल ओतलेलं होतं. या विषाणूला चरबीचं वेष्टण नसल्याने फिनाईलवर भरवसा ठेवता येत नाही. शेण खरडून काढायला लावलं, मग १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा. कुणी म्हणालं, त्यातच लिंबूसत्व (सायट्रिक आम्ल) घाला. दोन्ही वेगवेगळे चालतात. एकत्र केले की एकमेकांना मारतात.

तिसऱ्या वासराला सावलीत एकटं बांधलं, पळवायचं नाही, दूध उकळून कोमट करून पाजायचं. मालकांना सलाईन हवं होतं. लावलं नाही. असं हृदय एकदम आलेला भार पेलत नाही, वासरू जागीच कोसळतं.