फिशटँकचा हीटर अडकला, तर पाणी किती वेळात तापेल?

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली उतरतो. टँकमधलं पाणी एवढं गार होत नाही, पण खिडकीशी किंवा बंद केलेल्या गॅलरीत ठेवलेल्या 2 फुटी टँकचं पाणी पहाटे 20-21 वर सहज येतं. फायटर, एंजल, गप्पी या माशांना 25 ते 27 हवं असतं. म्हणजे आपल्याला पाण्याचं तापमान वाढवायचंय ते फक्त 5-6 अंश. दुकानात "मोठ्या वॅटचाच हीटर घ्या, पाणी लवकर तापेल" असं सांगितलं जातं तेव्हा हा आकडा डोक्यात असू द्या. गोल्डफिश असतील तर हीटर लावूच नका, त्यांना गार पाणीच मानवतं.

काचेच्या नळीत नायक्रोमची कॉइल असते आणि टोपीखाली द्विधातू पट्टीचा थर्मोस्टॅट. पाणी तापलं की पट्टी वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो. पाणी गार झालं की परत जुळतो. दर वेळी तिथे बारीकशी ठिणगी पडते. असं हजारो वेळा झालं की टोकांवर खड्डे पडतात, काजळी धरते आणि एक दिवस ती टोकं एकमेकांना चिकटून बसतात. मग डायल 26 वर असो की 22 वर, हीटर बंद होत नाही.

अशा वेळी टँकचं काय होईल हे वॅटवर ठरतं. 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला साधारण 4.2 किलोज्यूल लागतात. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, सव्वा फूट उंच टँकमध्ये खडी वगैरे जाऊन 60 लिटर पाणी मावतं. त्यात 300 वॅटचा हीटर अडकला तर दर 14 मिनिटांना 1 अंश चढतो. 26 चं पाणी सुमारे दोन तासांत 34 वर. तुम्ही भाजी आणायला मंडईत जाऊन येईपर्यंत माशांच्या जिवावर बेतलेलं असेल. त्याच टँकमध्ये 50 वॅटचा अडकला तर 1 अंश चढायला जवळजवळ दीड तास लागतो, आणि थंडीत टँक स्वतःच उष्णता सोडत असल्याने चढ आणखी मंदावतो. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात येतं. शिवाय मोठा हीटर पाणी झटकन तापवून वारंवार चालू-बंद होतो, म्हणजे त्याचे कॉन्टॅक्टही लवकर झिजतात.

म्हणून पुण्यापुरता हिशोब असा: 60 लिटरला 50 वॅट पुरतो. 100 लिटरला 100 चा एक घेण्यापेक्षा 50 चे दोन, टँकच्या दोन टोकांना. एक अडकला तर पाणी उकळत नाही, एक मेला तर दुसरा रात्र काढून देतो. माझ्या मते कंपनी कोणती यापेक्षा हे वाटून घेणं जास्त कामाचं आहे.

त्यावर बाहेरचा डिजिटल कंट्रोलर लावा, म्हणजे पाण्यात सेन्सर सोडून हीटरची वीज चालू-बंद करणारी पेटी. कंट्रोलर 26 वर आणि हीटरची स्वतःची डायल 28 वर. रोजची चालू-बंद कंट्रोलरची रिले (त्याच्या आतला स्विच) करते, हीटरचा थर्मोस्टॅट एरवी स्वस्थ असतो. रिले अडकलीच तर तो 28 ला तोडतो. डायल शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून सगळं कंट्रोलरवर सोपवू नका. कंट्रोलरचा सेन्सर निसटून पाण्याबाहेर आला तर तो गार हवा मोजत राहील आणि हीटर तापवत राहील. सेन्सरला दोन सक्शन कप लावा. उघड्या टर्मिनलचा कंट्रोलर घेतला असेल तर तो प्लॅस्टिकच्या बंद डब्यात इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

आता माणसांचं. बोर्डात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी शॉर्टसर्किटला किंवा जास्त लोडला पडतो. अंगातून जाणारे 50-100 मिलिॲम्पिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात, आणि जीव जायला तेवढे पुरतात. त्यासाठी 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, हवी. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत ती अनेकदा नसते, अर्थिंगही नावालाच असतं. दोन्ही तपासून घ्या आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. काचेचा टँक लाकडी स्टँडवर असतो, करंटला जमिनीकडे वाट नसते. त्यामुळे हीटर तडकून पाण्यात करंट उतरला तरी तुमचा हात पाण्यात जाईपर्यंत आरसीसीबीला काही कळत नाही. नियम एकच: पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे.

प्लगकडेही बघा. बऱ्याच स्वस्त हीटरना चपट्या पिनांचा परदेशी प्लग असतो आणि तो ॲडाप्टरमध्ये कसाबसा बसवलेला असतो. सैल पिन तापते, ॲडाप्टर पिवळा पडतो, मग वितळतो. आपल्याकडचा चांगला प्लग बसवून घ्या. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल. एक्स्टेंशन बोर्ड टँकखाली जमिनीवर नको.

पुण्यात एक प्रसंग हमखास घडतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेलेली असते, "तेवढ्यात टँक साफ करून घेऊ" म्हणून अर्धं पाणी काढलं जातं. प्लग तसाच. लाइट येते, उघडी पडलेली काच काही मिनिटांत भाजण्याइतकी तापते, आणि त्यावर बादलीतलं गार पाणी पडलं की तडा. लाइट असो-नसो, प्लग आधी काढा आणि 15 मिनिटं थांबून मगच पाणी उपसा. हीटर तळाजवळ आडवा लावला तर पाणी कमी झालं तरी उघडा पडत नाही. फक्त तो आडवा चालतो का हे खोक्यावर पाहा, आणि खडीत पुरू नका. फिल्टरच्या धारेजवळ ठेवा, थर्मामीटर समोरच्या टोकाला. फ्लॉवरहॉर्न किंवा ऑस्करसारखा मोठा मासा असेल तर जाळीचं कव्हर हवंच, ते धडक मारून काच फोडतात.

नवा असो की माळ्यावरून काढलेला, दिवाळीच्या सुमारास बादलीत 20 लिटर पाणी घेऊन 24 तास चालवून पाहा. डायल 1-2 अंश चुकते, ते चालेल; तापमान चढतच गेलं तर नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काचेवर धरला असेल तर फक्त काच व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवा, टोपी नको. नळीच्या आत बाष्प दिसलं तर सील गेलंय. होळीनंतर प्लग काढून टाका: उन्हाळ्यात पाणी आपोआपच 30 वर असतं, तेव्हा अडकलेला हीटर ओळखूच येत नाही.

पाणी तापलेलं सापडलंच तर हीटरचा प्लग काढा, एअर पंप पूर्ण जोरात चालवा, झाकण उघडून वर पंखा लावा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, मासे आधी त्यानेच तडफडतात. बर्फ टाकू नका. क्लोरीन काढलेलं साधं पाणी दहा-पंधरा टक्के बदला, तासाला 1-2 अंश उतरू द्या. आणि तो हीटर कचऱ्यात टाकण्याआधी त्याची वायर कापा, नाहीतर कोणीतरी उचलून आपल्या टँकमध्ये लावेल.