त्या रात्री मी पाणी होते

लिस्बनला येऊन सहा वर्षं झाली. घर नदीच्या अलीकडे आल्मादाला, नोकरी पलीकडे शहरात. म्हणजे रोज दोनदा तेजो नदी ओलांडायची. कासिल्याशच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि दहाएक मिनिटांत पलीकडे लागते. लोक मोबाइल काढून बसतात, कुणी डुलकी घेतं. मी खिडकीशी बसते आणि ‘संगीत मत्स्यगंधा’ नाटकातलं ‘गुंतता हृदय हे’ पद म्हणते. आवाज फुटत नाही, पण ओठ हलतात. एकदा शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, प्रार्थना म्हणतेस का? मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं.

‘संगीत मत्स्यगंधा’ ऐकलंसुद्धा नाही असं घर आमच्या बाजूला सापडायचं नाही. तरी आता गोव्याबाहेर वाढणाऱ्या मुलांसाठी थोडं सांगते. वसंत कानेटकरांचं हे नाटक १९६४ साली दि गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणलं. संस्था मुंबईतल्या गोवेकरांची. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं, तेव्हा ते पस्तिशीचेही नव्हते. पराशर झाले आमच्याच डिचोली तालुक्यातल्या साखळीचे रामदास कामत आणि सत्यवती गोव्याच्या आशालता वाबगावकर. गोवा मुक्त होऊन जेमतेम तीन वर्षं होत होती. आमचे जुने लोक अजून ‘आपलं नाटक’ म्हणतात ते उगाच नाही.

अभिषेकींनी पदं आटोपशीर बांधली. पद संपतं आणि नाटक पुढे सरकतं. गाण्यासाठी गोष्ट थांबून राहत नाही. ‘गर्द सभोवती रान’ ही तर बालकवींची कविता. कवी १९१८ सालीच गेले आणि इतक्या वर्षांनी त्यांचे शब्द सत्यवतीच्या तोंडी आले. मला विचाराल तर मराठी रंगभूमीवर इतकं जिवाला लागणारं पद दुसरं नाही. यावर कुणाशीही वाद घालायची माझी तयारी आहे.

पण माझं ‘मत्स्यगंधा’ मुंबईचं नव्हे. माझं आहे ते देवळासमोरच्या मांडवातलं, जत्रेच्या रात्री पालखी देवळात गेल्यावर एक-दीडला सुरू होणारं आणि कोंबडा आरवला तरी न संपणारं.

आमचा गाव मांडवीच्या काठचा. माझे आजोबा तारी होते. यंत्राची फेरीबोट यायच्या आधी माणसं, भाताची पोती, नवरानवरीसुद्धा तेच पलीकडे न्यायचे. तेव्हा सत्यवतीची, यमुनेवर नाव चालवणाऱ्या धीवराच्या मुलीची गोष्ट आमच्या घरात कुणाला पुराणातली वाटलीच नाही. माझी आई म्हणजे ताऱ्याचीच लेक.

मी आठ वर्षांची असताना गावच्या मंडळींनी ‘मत्स्यगंधा’ घेतलं. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, दोन महिने तालमी चालल्या. घरीदारी सगळे कोंकणी बोलणारे, पण तालमीच्या सतरंजीवर पाय ठेवला की जिभेवर नाटकातलं मराठी चढायचं. पुस्तकाची एकच प्रत होती, तिच्या पानांवर पेन्सिलच्या खुणा आणि चहाची वर्तुळं. माझा मामा देवव्रत, म्हणजे पुढचा भीष्म, झाला होता. सत्यवतीची नटी फोंड्याहून यायची होती, आणि तीही फक्त रंगीत तालमीला. तोपर्यंत सत्यवतीची वाक्यं कोण म्हणणार? आई रोज रात्री चहाची किटली घेऊन यायची. दिग्दर्शक म्हणाले, वहिनी, तेवढं पुस्तक हातात धरा. तीन-चार दिवसांत तिला पुस्तक लागेनासं झालं. भिंतीला टेकून, पदर खोचलेला, किटली पायाशी, आणि आई सत्यवती बोलायची. पद आलं की पेटीवाले काका तिच्यासाठी पट्टी खाली घ्यायचे.

नाटकातली नाव आणि पाणी ही आमच्या गावची करामत. सुताराने फळ्यांची नाव केली, खाली चाकं बसवली, विंगेतून दोरीने ओढायची. आणि पाणी म्हणजे दोन निळ्या साड्या लांबीला लांब जोडून शिवलेल्या. एक टोक एका विंगेत माझ्या हातात, दुसरं समोरच्या विंगेत माझ्या चुलत भावाच्या. आम्ही टोकं हलवायची की लाटा उठायच्या. दिग्दर्शकांनी आम्हा दोघांना वेगळं बसवून शिकवलं. पद सुरू झालं की हात जवळजवळ थांबवायचा. ताना आल्या तरी घाई करायची नाही, नदीला गाणं कळत नाही.

त्या रात्री मी पाणी होते. पेट्रोमॅक्सचे दिवस मागे पडले होते, झगझगीत दिवे होते, पावडरीचा आणि मांडवाबाहेरच्या मिरचीभज्यांचा वास एकत्र येत होता. पराशराने ‘गुंतता हृदय हे’ उचललं आणि पहिल्याच ओळीला मांडवातून वाहवा आली. मी हात मंद केला. साडीच्या जोडाची शिवण लाटेबरोबर माझ्याकडे यायची, परत जायची. दोन वेळा वन्स मोअर मिळाला. माझा खांदा भरून आला होता, पण टोक सोडलं नाही. विंगेच्या फटीतून मला आई दिसत होती, बायकांच्या रांगेत, चटईवर. सत्यवती बोलायला लागली की आईचे ओठ हलायचे. प्रत्येक वाक्याला. ‘अर्थशून्य भासे मज’ सुरू झालं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

त्यानंतर आमच्या घरात कित्येक वर्षं एकच वाद चालला. मामा म्हणायचा, बिचाऱ्या देवव्रताचा काय गुन्हा? हिच्या राणीपणासाठी त्याने जन्मभर ब्रह्मचारी राहायचं? आई मासळी साफ करता करता म्हणायची, “तिला फसवून गेला त्या पराशराला कोणी विचारत नाही. तिने एकदा मागितलं तर सगळ्यांना टोचलं.” कानेटकरांची सत्यवती नुसती सोसणारी नाही. ती दुखावलेली आहे, हट्टी आहे, तिला मोठं व्हायचं आहे. लहानपणी मी मामाच्या बाजूची होते. देवव्रत माझा मामाच होता ना.

इथे आल्यावर मी बाजू बदलली. मी काही राणी व्हायला आले नाही, पण मागून घेऊनच आले. घरच्यांकडून परवानगी मागितली, पैसे मागितले, आई एकटी पडेल हे माहीत असून मागितलं. दुसऱ्या वर्षी मामा गेला. विमानं बंद होती, मला पोचता आलं नाही. मोबाइलवर त्याचा चेहरा पाहिला, कपाळाला बुक्का लावलेला. त्या आठवड्यात मी बोटीत काहीच म्हटलं नाही. मग एका संध्याकाळी परत येताना लक्षात आलं की सत्यवती हस्तिनापूरला गेली ती नदी ओलांडूनच. आयुष्यभर दुसऱ्यांना पलीकडे सोडून परत येणारी मुलगी, आणि त्या एका खेपेला परतली नाही. राजवाड्यात तिला वल्ह्याचा आवाज ऐकू यायचा का, हे मी आईला विचारलं होतं. आई फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, यायचाच.

या वर्षीच्या जत्रेला मंडळींनी पुन्हा ‘मत्स्यगंधा’ घेतलंय. देवव्रत मामाचा मुलगा करतोय. आवाज बापासारखा नाही, पण उभं राहणं तेच. मला रजा मिळाली नाही. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी मी घरी येऊन सगळी पदं ओळीने ऐकली आणि पोटभर रडले.

परवा सकाळी बोट सुटत होती आणि आईचा फोन आला. मागे अग्रशाळेतला गलका, पेटीचा सूर, कुणीतरी तबला ठोकून लावत होतं. माझी भाची आठ वर्षांची झाली, तिला पाण्याचं काम दिलंय. पण साडी हलवली की मधे गोळा होते, लाट पुढे जातच नाही. जुन्यांपैकी कुणाला नीट आठवेना.

“तें उदक कशें केल्लें गो तुमी?” आईने विचारलं.

मी तिला म्हटलं, फोन पोरीकडे दे. आणि पोरीला सांगितलं: टोक कमरेच्या उंचीवर धर, छातीशी नको. दुसरं टोक ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे बघू नकोस, शिवणीकडे बघ. शिवण तुझ्याकडे आली की हात खाली, गेली की वर. आणि पद सुरू झालं की अगदी हळू.

“किती हळू, आत्ते?”

बोट मध्यावर आली होती. मी खिडकीबाहेर बघून तिला मोजून दाखवलं. एक… दोन…