हेराल्डच्या मागच्या सीटवरून कर्कस्टोनचा घाट: पैसे भरण्याआधी वाचावे असे काही

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये जुन्या, उघड्या टपाच्या गाड्या दिवसाच्या भाड्याने मिळतात आणि त्यांच्या जाहिरातींत 'चार आसनी' असे बिनदिक्कत छापलेले असते. आम्ही घेतलेली ट्रायम्फ हेराल्ड 13/60 कागदोपत्री चार आसनीच होती. प्रत्यक्षात ती दोन मोठी माणसे आणि दोन शाळकरी मुले यांची गाडी आहे, आणि ही गोष्ट आरक्षणाच्या वेळीच सांगणे भाड्याने देणाऱ्याचे काम होते. विम्याच्या अटींमुळे चालक म्हणून मँचेस्टरला राहणाऱ्या भावोजींचेच नाव लागले, ताईला गाडी लागते म्हणून ती पुढे बसली, आणि मागची जागा माझ्या व माझ्या नवऱ्याच्या वाट्याला आली. पुढचे सगळे मागे बसणाऱ्यांसाठी लिहिले आहे. पुढे बसणाऱ्यांना या गाडीत काहीही त्रास होत नाही, म्हणून त्यांच्या शिफारशीवर विसंबू नये.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला हेराल्ड परकी नाही. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1961पासून ती भारतात बनवली आणि पुढे तिची चार दारांची आवृत्ती फक्त भारतातच निघाली. त्या गाडीत मागे ऐसपैस बसल्याची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांनी ती उघड्या हेराल्डला लावू नये. उघड्या गाडीत घडी केलेला टप आणि त्याच्या लोखंडी कमानी मागच्या सीटच्या पाठीशी आणि दोन्ही बाजूंना येऊन बसतात, त्यामुळे बंद गाडीच्या मानाने मागची रुंदी सरळसरळ कमी होते. दारे दोनच असल्याने पुढची सीट वाकवून, आधी एक पाय, मग कंबर आणि शेवटी दुसरा पाय अशा क्रमाने आत शिरावे लागते. बसल्यावर माझे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकले होते आणि उजवे कोपर टपाच्या सांध्यावर होते. प्रत्येक खड्ड्याला तो सांधा कोपराच्या त्याच हाडावर लागत असे आणि संध्याकाळी तिथे रुपयाएवढा निळा डाग उमटला होता. पाच फूट सहा इंचांपेक्षा उंच माणसाने मागे बसण्याचा विचारच करू नये. हा माझा ठाम निर्णय आहे.

वाऱ्याविषयी आम्हाला कोणीच सांगितले नव्हते, आणि खरा त्रास वाऱ्याचाच होतो. पुढच्या काचेवरून उसळलेली हवा पुढच्या दोघांच्या डोक्यावरून निघून जाते आणि नेमकी मागच्या सीटवर उतरते. काचेच्या आडोशाला हवेचा दाब कमी झाल्यामुळे तीच हवा उलटी फिरून मागून मानेवरही येते. ताशी चाळीस मैलांपर्यंत ते सोसते. त्यापुढे बोलणे ऐकू येत नाही, डोळ्यांतून पाणी वाहू लागते आणि पुढे बसलेली माणसे मात्र मजेत गप्पा मारत असतात. दोन्ही दारांच्या काचा पूर्ण वर करायला लावाव्यात, त्याने निम्मा त्रास कमी होतो. पावसाचेही तेच आहे. गाडी चालती असली की बारीक सर पुढच्यांच्या डोक्यावरून जाते आणि मागचे भिजतात, म्हणून टप कधी चढवायचा हे मागे बसलेल्यांनीच ठरवावे आणि ही अट निघण्यापूर्वीच सर्वांकडून मान्य करून घ्यावी.

आता कर्कस्टोन. 454 मीटर उंचीचा हा घाट लेक डिस्ट्रिक्टमधला मोटारींसाठी खुला असलेला सर्वांत उंच घाट आहे. त्यावर दक्षिणेकडून दोन वाटांनी चढता येते. विंडरमियरहून ट्राउटबेकवरून येणारा ए592 हा रस्ता लांबचा पण सौम्य आहे. अँबलसाइडहून निघणारा दुसरा रस्ता 'द स्ट्रगल' या नावानेच ओळखला जातो. गाडी देणाऱ्याने नकाशावर बोट ठेवून आम्हाला हाच दुसरा रस्ता 'देखाव्यासाठी' सुचवला. चार मोठी माणसे आणि 1296 सीसीचे, 61 अश्वशक्तीचे इंजिन हे गणित त्याला आमच्यापेक्षा नक्कीच चांगले कळत होते.

रस्ता गावातूनच उभा चढू लागतो. दोन्ही बाजूंना दगडी गडगे आहेत आणि दोन गाड्या शेजारून जायच्या म्हटल्यावर एकीला थांबावेच लागते. आम्ही एका वळणावर, ऐन चढात, उतरणाऱ्या व्हॅनसाठी थांबलो. हेराल्डच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद पडू देणारी यंत्रणा, नसते, त्यामुळे चालत्या गाडीत तो सहज पडत नाही. गाडी पूर्ण थांबवावी लागते आणि मग चढावर, हँडब्रेकवर तोलून पुन्हा उचलावी लागते. भावोजींनी ते दोनदा केले. प्रत्येक वेळी क्लचचा जळका वास आधी मागे आला, आणि वेग नसल्यामुळे सायलेन्सरचा धूरही सीटभोवतीच घुटमळत राहिला. या गाडीची मागची चाके आडव्या पाट्याच्या स्प्रिंगवर टांगलेली असतात आणि मागे बसणारे जवळजवळ त्यांच्यावरच बसतात. भार वाढला की मागचा भाग दबतो आणि खड्ड्यागणिक खालून रबरी ठोकळ्यावर धक्का आपटतो. वडापच्या जीपमध्ये अगदी शेवटी कोंबून बसवल्यावर पाठीचे जे होते, तेच इथे झाले, आणि तेही भरपूर पौंड मोजून. शेवटी आम्ही दोघे उतरलो आणि वरचा टप्पा चालत गेलो. चालणे त्या सीटपेक्षा कितीतरी सुखाचे होते.

म्हणून स्पष्ट सांगते: चौघे असाल तर स्ट्रगलवर गाडी घालू नका. याच भागातल्या होनिस्टर घाटाचा चढ 25 टक्क्यांचा आहे, तोही चौघांनी टाळावा. हार्डनॉट घाटाला 33 टक्के चढ आहे आणि आमच्या करारात त्या रस्त्याला मनाईच होती. कर्कस्टोनहून अल्सवॉटर तळ्याकडे उतरतानाही गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवायला सांगा. 13/60ला पुढे डिस्क ब्रेक असले तरी मागे ड्रमच आहेत, आणि नुसत्या ब्रेकवर उतरलेल्या भरल्या गाडीचे ब्रेक तापतात.

पैशांविषयीही लिहिणे भाग आहे. जाहिरातीतल्या भाड्यावर दिवसाला शंभर मैलांची मर्यादा होती आणि तिचा उल्लेख फक्त कराराच्या शेवटच्या पानावर होता. टाकी आम्ही काठोकाठ भरून परत केली, तरी 'इंधन सेवा' म्हणून वेगळी रक्कम कापली. मागे पांघरायला दिलेल्या घोंगडीचेही भाडे लावले, आणि ते मला सर्वांत जास्त लागले, कारण त्या सीटवर घोंगडीवाचून बसणे शक्यच नाही. गाडीचा हीटर मागे पोहोचत नाही. करार आदल्या दिवशी मागवून पूर्ण वाचावा, टाकीचा काटा आणि मैलांचा आकडा यांचे निघताना व परतताना फोटो काढावेत, आणि घोंगडी स्वतःची न्यावी.

सीटबेल्टच्या पट्ट्यांची चौकशी आवर्जून करावी. मागे पट्टे बसवण्याची सक्ती ब्रिटनमध्ये 1987पासूनच्या गाड्यांना आहे, त्यामुळे इतक्या जुन्या गाडीत ते असतीलच असे नाही. असतील तर लावलेच पाहिजेत. पट्टे नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालील मुलाला नेताच येत नाही, आणि त्याहून मोठ्या मुलांना मागेच बसवावे लागते. सीटची पाठ बुटकी आहे आणि डोके टेकायला काही नाही, म्हणून मानेचे दुखणे असलेल्यांनी मागे बसू नये. ओढणी, मोकळा पदर किंवा लांब मफलर घालून बसणे धोक्याचे आहे. कान झाकणारी घट्ट टोपी, गळ्यापर्यंत चेन असलेले वाऱ्या-पावसाचे जाकीट आणि चष्म्याला दोरी एवढे पुरे. पायाशी पिशवी मावत नाही, सामान डिकीतच जाते.

ग्रासमियरवरून केसविकला जाणारा ए591 हा रस्ता सोपा आहे, तिथे काही अडचण आली नाही.

हे सगळे लिहूनही मागच्या सीटची एक बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. पॅटरडेलच्या पुढे रस्ता अल्सवॉटरच्या अगदी काठाने जातो. तिथे माझ्या नवऱ्याने ताईशी जागा बदलली, ताई गुडघे तिरके करून माझ्या शेजारी मावली, आणि भावोजींनी वेग तीस मैलांवर आणला. वारा पडला. मागून माथ्यावर ना छत असते ना काचेची चौकट, त्यामुळे डावीकडचे डोंगर पायथ्यापासून कड्यापर्यंत एका नजरेत दिसत होते. पुढे बसलेल्याला त्यांचा वरचा भाग काचेच्या कडेने कापलेला दिसतो. त्या काही मैलांसाठी मी ती जागा कोणालाही दिली नसती. तेव्हा तिघेच जा, मागे एकालाच आडवे बसू द्या, अर्ध्या तासाने जागा बदला, ट्राउटबेकच्या बाजूने घाट चढा, आणि अल्सवॉटरच्या काठी मागची पाळी कोणाची हे आधीच ठरवून ठेवा, कारण तिथे भांडण होते.