पत्रकारिता शिक्षकांचं देशव्यापी जाळं: सुरुवात एका पानापासून

१ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. बलात्कार पीडितेची ओळख उघड करायला मनाई करणारं जुनं कलम २२८-अ नव्या संहितेत ७२ आणि ७३ असं दोन ठिकाणी विभागलं गेलं. बदनामीचं ४९९ आता ३५६ मध्ये आहे. त्याआधी चारच महिने, १ मार्चला, वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा लागू झाला होता. माध्यम कायदे शिकवणाऱ्या प्रत्येकाला सहा महिन्यांच्या आत टिपणं, प्रश्नसंच, जुन्या प्रश्नपत्रिका सगळं तपासावं लागलं. ज्यानं फक्त ७२ टिपून घेतलं आणि ७३ राहिलं, त्याचे विद्यार्थी न्यायालयाच्या परवानगीशिवाय खटल्याचा मजकूर छापण्याबद्दलची अट न शिकताच बातमीदारीला लागतील.

देशभरातल्या पत्रकारिता आणि संज्ञापन शिक्षकांचं जाळं हवं ते अशा कामासाठी. चूक एकानं दाखवावी, दुरुस्ती सगळ्यांकडे पोचावी. लेटरहेड, बोधचिन्ह, वार्षिक परिषद यांनी सुरुवात केली की शक्ती तिथेच संपते. परिषदेनंतर उरतात फोटो आणि प्रमाणपत्रं.

पहिलं काम सभासदांच्या तक्त्याचं. रकाने सात पुरेत: नाव, संस्था, राज्य, शिकवण्याची भाषा, सध्या शिकवत असलेले विषय, नेमणुकीचा प्रकार, संपर्क. भाषा आणि नेमणूक हे दोन रकाने लोक गाळतात, आणि तिथेच जाळं फाटतं. आपल्याकडे प्रात्यक्षिकांचे कितीतरी तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. त्यांची संस्था दरवर्षी बदलू शकते, महाविद्यालयाचा ईमेल बंद होतो. म्हणून सभासदत्व व्यक्तीला द्यावं, विभागाला नको, आणि ईमेल खासगी घ्यावा. विभागाला सभासद केलं की पत्रं विभागप्रमुखांच्या टेबलावर थांबतात. संपर्काची माहिती घेताना ती कशासाठी वापरणार हे लिहून लेखी संमती घ्यावी. तक्ता सगळ्यांना खुला ठेवू नये.

सुरुवातीला बारा-पंधरा माणसं पुरेत, पण भाषा किमान पाच हव्यात. नव्वद दिवसांत या गटानं वीस पाठपत्रकं तयार करावीत. एक पाठपत्रक म्हणजे एक पान: कोणत्या सत्रासाठी, किती तास, लागणारं साहित्य, कृती, गुणदानाचे निकष, विद्यार्थी कुठे अडतात, आणि सगळ्यात खाली ‘शेवटची तपासणी’ची तारीख व तपासणाऱ्याचं नाव. ही तारीख नसेल तर पत्रक स्वीकारूच नये. कायदा, निवडणूक आचारसंहिता, तथ्य-पडताळणीची साधनं ही पत्रकं दर सहा महिन्यांनी तपासावी लागतात. मुलाखतीचं पत्रक दोन वर्षं सहज टिकतं.

भाषेचा प्रश्न मात्र तपशिलात पाहावा लागतो. मथळ्याच्या सरावासाठी इंग्रजीत लिहिलेली तयार बातमी भाषांतर करून सगळीकडे पाठवली, तर मराठी वर्गात मथळ्याऐवजी भाषांतराचाच सराव होतो. शिवाय मूळ बातमीचा इंट्रो, म्हणजे पहिला परिच्छेद, समोर असतो, त्यामुळे महत्त्वाचं काय ते आधीच ठरलेलं. त्याऐवजी कच्चा माल पाठवावा: पोलिसांचं प्रसिद्धिपत्रक, दोन परस्परविरोधी विधानं, आकड्यांचा एक तक्ता, तोही थोडा विस्कळीत. त्यातून तमिळ, बंगाली, मराठी विद्यार्थी आपापल्या भाषेत बातमी करतील आणि मग पाच भाषांतले मथळे शेजारी ठेवता येतील. कोणत्या भाषेत क्रियापद गळलं, कुठे कर्ता लपला, यावर एक अख्खा तास रंगतो. एकट्या विभागाला हा तास घेताच येत नाही.

निरोपांसाठी व्हॉट्सॲप ठीक, पण तिथे फक्त सूचना असाव्यात. फाइल तिथे टाकली की आठवड्यात शुभेच्छांखाली गडप होते आणि जुनी प्रत पुन्हा फिरू लागते. पत्रकं एकाच सामाईक ड्राइव्हवर ठेवावीत. ड्राइव्हचं खातं जाळ्याच्या नावानं, दोन वेगळ्या संस्थांतल्या दोघांकडे पासवर्ड. एखाद्या प्राध्यापकाच्या महाविद्यालयीन खात्यावर सगळं साठवलं, तर ते निवृत्त झाल्यावर साठाही जातो. पत्रकांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे मूळ लेखकाचं नाव देऊन इतरांना वापरायची आधीच दिलेली मुभा, पहिल्या दिवसापासून लिहावा. ‘माझं पत्रक तुम्ही नाव न देता वापरलं’ हा वाद नंतर मिटवणं फार कठीण.

बाह्य परीक्षकांची अदलाबदल हा दुसरा मोठा फायदा. पण नेमणूक विद्यापीठाच्या हातात असते, त्यामुळे जाळ्यानं विषय आणि भाषेनुसार नावं सुचवावीत, त्यापुढे जाऊ नये.

नोंदणीची घाई नको. वर्षभर काम चाललं, पैसे हाताळायची वेळ आली, की करावी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. नोंदणी महाराष्ट्रात केली तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही करावी लागते, आणि पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला तर कागदोपत्री जुनीच मंडळी कायम राहतात आणि बँक नव्या सह्या घेत नाही. म्हणून निवडीच्या सभेतच ठराव, इतिवृत्त आणि नव्या मंडळींची संमतिपत्रं सह्यांसकट पुरी करून घ्यावीत. वेगवेगळ्या राज्यांतली माणसं घरी परतल्यावर ती गोळा करण्यात महिने जातात.