मंजूर, मंजूर, मंजूर

“अगं, तू वाचतेस तरी का ते?” शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, तेव्हा माझं बोट ‘मंजूर’वरच होतं.

बिलं आता सिस्टीमच तपासते. माझा फक्त शेवटचा शिक्का. आणि नेमकी त्या बिलात एकच रक्कम दोनदा लागलेली. समोर हिरवी खूण मात्र ठसठशीत! सकाळपासून अशी किती बोटाखालून गेली, देव जाणे.

आधी स्वतःचाच राग आला. पण एरवी बरोबरच निघणाऱ्या गोष्टीवर दिवसभर डोळ्यांत तेल घालून कोण बसेल?

२००९ मध्ये अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट बंद पडला आणि विमान अचानक माणसांच्या हातात आलं. पाच मिनिटांच्या आत समुद्रात. २२८ जण गेले. (माझं आपलं नुसतं बिल.)

उद्या साहेबांना सांगणार आहे, मला सगळी नकोत. सिस्टीम जिथे अडखळते तेवढी द्या. शिवाय तिला खात्री असलेल्यांतली चार-पाच, पण ती हिरवी खूण झाकून.

तुमच्याकडे शेवटचं बटण कोण दाबतं? वाचून?