अनंताच्या कळ्या का गळतात?

अनंताला सावली चालते, पण काळोख नाही. सकाळी दोन-तीन तास कोवळं ऊन आणि दुपारी आंब्याफणसाची सावली मिळाली की उन्हाळ्यात कळ्या भरपूर. माती ओलसर, आम्लधर्मी हवी. पाणी साचता कामा नये. कोकणच्या जांभ्या मातीत तो मजेत वाढतो. पुण्याकडे बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. नुसतं शेणखत घालून (नर्सरीवाले बहुधा तेच सुचवतात) भागत नाही. चिलेटेड लोह (क्षारयुक्त मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोहाचं खत) पाकिटावरच्या प्रमाणात द्या. टपोऱ्या कळ्या गळत असतील तर मध्येच माती सुकली होती का, कुंडी हलवली होती का, ते आधी पाहा. छाटणी बहर ओसरताच उरका. उशिरा कात्री लावलीत तर पुढच्या कळ्याच जातील.